आज कुणाचा गुडघा दुखणार

या खेपेला गुडघा तीन दुखतो असं सांगायचं, हे अंबूबाईनं सकाळी चहाचं आधण ठेवतानाच ठरवून टाकलं. मागच्या खेपेला चार सांगितलं होतं, त्याच्या आधी पाच. पायऱ्या कशा एकीखाली एक उतरत गेल्या पाहिजेत, एकदम उडी मारली तर बघणाऱ्याला संशय येतो. खरा गुडघा विचाराल तर तो आठावर बसून होता आणि थंडीच्या दिवसांत पहाटेचा नऊलाही शिवून येत होता. पण खऱ्या गुडघ्याला कोण विचारतंय, असं काही अंबूबाईला म्हणता आलं नसतं. विचारणारी होती. दर पंधरा दिवसांनी सांबऱ्याहून स्कूटीवरून यायची, खुर्ची ओढून समोर बसायची आणि विचारायची. सगळी पंचाईत तिथंच झाली होती.

तिचं नाव ऋतिका. बेळगावातल्या एका मोठ्या हॉस्पिटलाचं गुडघ्यांवर संशोधन चाललं होतं. एक नवी गोळी निघाली होती, ती गुडघेदुखीला खरंच लागू पडते का हे सहा महिने बघायचं होतं. त्यासाठी त्यांनी शहरातल्याच वडगावच्या विणकर गल्ल्या निवडल्या. तीस-तीस वर्षं मागाशी उभं राहून आणि फरशीवर बसून कांड्यांवर सूत भरून इथल्या बायकांच्या गुडघ्यांचं जे व्हायचं ते पुरतं होऊन चुकलेलं, त्यामुळं शोधत हिंडावं लागलं नाही. अंबूबाईच्या एकट्या गल्लीत सहाजणी मिळाल्या.

पहिल्या दिवशी ऋतिकानं चौदा पानांचा संमतीचा कागद काढला आणि विचारलं, "आक्का, मराठीत वाचू का कन्नडात?"

"मला दोन्हीत वाचता येत न्हाय," अंबूबाई म्हणाली. "तुला कुठली बरी येती ती वाच."

ऋतिकानं मराठीत वाचलं. गोळ्यांच्या बाटल्या सगळ्यांना सारख्याच मिळतील, पण निम्म्याजणींच्या गोळीत औषध असेल आणि निम्म्याजणींच्या गोळीत नसेल. दिसायला दोन्ही एकच.

"मला कुठली हाय?"

"ते मलाबी ठाऊक न्हाय. डॉक्टरांनाबी न्हाय."

"मग कुणाला ठाऊक हाय?"

"सीलबंद पाकिटात ठेवलंय. लईच निकड लागली तर फोडायचं."

अंबूबाईला हे काही पटलं नाही. एवढी देखणी पांढरी बाटली, वर छापील नंबर, आत कापसाचा बोळा, आणि त्यात रिकामी गोळी कोण कशाला भरेल? पोरीला काहीतरी बोलायला सांगितलेलं असेल म्हणून बोलते, असं धरून तिनं मान डोलवली. नवव्या पानापर्यंत डोळा लागला. कुमारनं, म्हणजे तिच्या मुलानं, कोपरानं ढोसून उठवलं आणि तिनं अंगठा दिला.

मग तोंडांचा तक्ता आला. एका ओळीत अकरा गोल तोंडं, शून्यापासून दहापर्यंत. शून्याचं तोंड हसत होतं, दहाच्या तोंडाच्या डोळ्यांतनं धारा लागल्या होत्या.

"हे हसणारं कोण म्हणायचं?" अंबूबाईनं तक्ता लांब धरून बघितला. "ह्याला सून न्हाय वाटतं."

"किंवा सासू न्हाय," आतनं स्वरूपा, तिची सून, भाकरी थापता थापता म्हणाली.

"शून्य म्हंजे अजिबात दुखत न्हाय," ऋतिका हसू दाबत म्हणाली. "दहा म्हंजे जीव नकोसा हुतोय."

"बाळंतपणासारखं? कुमारच्या येळचं का धाकटीच्या येळचं?"

"जे जास्त हुतं ते."

"मग आठ लिही," अंबूबाई म्हणाली. धाकटीच्या वेळेला जे झालं होतं त्याच्याखाली दोन बोटं. हा आकडा अगदी खरा होता. पुढच्या महिनाभरात तिनं पुन्हा आठ सांगितले, एकदा सात सांगितले, तेही खरे होते. तेवढ्यापुरतं संशोधन बरोबर चाललं होतं.

ते बिघडायला कारण झाला एक साधा चहा. बाळाबाईच्या सोप्यात सहाजणी बसलेल्या. बाळाबाई म्हणजे शेजारीण, गल्लीतल्या बायकांची न निवडलेली अध्यक्ष. तिनं ऋतिकाला विचारलं, "तू पर्मनंट हाईस काय गं?"

"कसलं पर्मनंट, काकू. कंत्राट हाय. इथलं काम चांगलं झालं तर फुडं दोन वर्षं. न्हाईतर मार्चला घरात."

"घरात काय वाईट हाय?"

"घरात स्थळं आल्यात," ऋतिका म्हणाली आणि बशीतला चहा उगीच फुंकत बसली. "नोकरी हाय म्हणून अण्णा गप हाईत. निपाणीचं एक जरा जास्तच मागं लागलंय. मी बघितलं त्याला. कोण कोण मोबाईलवर बोलतं माझ्याशी, हे पयल्याच दिवशी विचारलं त्यानं."

ती गेल्यावर गल्लीनं विचार केला. काम चांगलं झालं तर, म्हणजे काय? गोळी लागू पडली तर. गोळी लागू पडायची म्हणजे गुडघे बरे व्हायला पाहिजेत. आणि बरे होत नसतील तर? हा प्रश्न बाळाबाईनं विचारलाच नाही. ती एवढंच म्हणाली, "पोरगी उन्हातानात एवढ्या लांबनं येती. आमच्या गुडघ्यापायी तिला निपाणीला धाडायची काय?"

अंबूबाईला त्यात काही खोटं वाटलं नाही. पाव्हणं आलं आणि घरात भाजी कमी असली तरी आपण पोट भरलं म्हणतोच की. त्यात आणखी एक गोष्ट होती, ती तिनं कुणाला सांगितली नव्हती. गेल्या तीस वर्षांत तिला कुणी 'कुठं दुखतं?' असं विचारून उत्तर लिहून घेतलं नव्हतं. नवरा सिद्राम विचारायचा नाही असं नाही, पण मागाच्या आवाजानं त्याचे कान कधीच गेले होते. तो विचारायचा आणि उत्तर ऐकू न येऊन मान हलवायचा.

तर पुढच्या खेपेला सहाच्या सहाजणी पाचावर आल्या. ऋतिकाचा चेहरा उजळला. पंधरा दिवसांनी मात्र ती आली ती कपाळाला आठी घालूनच.

"बेंगळूरचे साहेब आलते कागद बघायला," ती म्हणाली. "ते म्हणाले, सगळ्यांचं एकाच दिवशी, एकाच आकड्यावर? एखादीचं तरी दुखायला पाहिजे की."

झालं. एखादीचं दुखायला पाहिजे. पण कुणाचं? सगळ्याच म्हणाल्या, माझं नको, मी पोरीला वाईट वाटू द्यायची न्हाय. शेवटी बाळाबाईनं मार्ग काढला. बनशंकरीच्या देवळात शुक्रवारचा नैवेद्य घरटी पाळीनं द्यायची पद्धत गल्लीत होतीच आणि त्याची यादी भिंतीवर खडूनं लिहिलेली होती. ज्या आठवड्यात जिच्या घरचा नैवेद्य, त्या आठवड्यात तिचा गुडघा दुखायचा. बाकीच्यांनी एकेक पायरी खाली उतरायचं. एखादी अर्धी पायरी वर चढली तरी चालेल, म्हणजे खरं वाटतं. यादी आयती मिळाली, भांडण झालं नाही, देवीचीही सोय झाली. पुढच्या भेटीला साहेबांचं समाधान झालं म्हणे. ऋतिका सांगत होती, साहेब म्हणाले, आता कसं नैसर्गिक दिसतंय.

एवढ्यावर भागलं असतं तर गोष्ट हसण्यावारी गेली असती. पण ऋतिका नुसता आकडा विचारून थांबायची नाही. फरशीवर तिनं एक लाल पट्टी चिकटवली होती. खुर्चीतनं उठायचं, पट्टीपर्यंत चालायचं, वळायचं आणि परत येऊन बसायचं. ती हातात घड्याळ धरून सेकंद मोजायची. तोंडानं तीन सांगता येतं. पायांना तीन सांगायला शिकवायचं कसं?

अंबूबाईनं शिकवलं. कोपऱ्यावर शामूचं मेडिकल होतं. चिठ्ठी मागायची, बाटली दाखवायची असली भानगड तिथं नव्हती. 'गुडघ्याची दे' म्हटलं की शामू पानाच्या पुडीसारख्या पुडीत लाल-पिवळ्या गोळ्या बांधून द्यायचा. ऋतिका यायच्या सकाळी एक खाल्ली की दहा वाजेपर्यंत गुडघा दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा वागायचा. पट्टीपर्यंत जाऊन परत, चौदा सेकंद. "आक्का, मागच्या खेपेपेक्षा चार कमी," ऋतिका म्हणाली तेव्हा अंबूबाईला शाळेत न जाता पहिला नंबर आल्यासारखं झालं.

पुढं एकीनं भागेना, दोन खाल्ल्या. मग आदल्या दिवसापासनं. मग वाटलं, मधल्या दिवसांनी काय पाप केलंय? बाहेरची दुसरी कुठली गोळी खातासा का, हे ऋतिका दरवेळी विचारायची. अंबूबाई दरवेळी न्हाय म्हणायची. पोटात जळजळ होते का? न्हाय. मळमळतं का? न्हाय. परसाकडं काळं होतं का, डांबरासारखं? न्हाय गं बाई, तसलं काय विचारतीस.

जानेवारीत जळजळ चालू झाली होती. तिनं जिरं चावून खाल्लं, सोडा प्यायला. फेब्रुवारी संपताना ते काळं दिसलं. पहिल्या दिवशी तिनं काळ्या मसाल्याच्या आमटीवर ढकललं. दुसऱ्या दिवशी आमटी नव्हती. अंबूबाई काही अडाणी नव्हती. ज्या गोष्टीला न्हाय म्हणायचं म्हणून पोरगी दरवेळी नाव घेऊन विचारते ती गोष्ट साधी नसणार, एवढं तिला कळत होतं. पण आता एकच भेट राहिली होती. ती नीट पार पडली की पोरीची दोन वर्षं पक्की. मग बघू काळं-पांढरं.

तर चहाच्या आधणालाच तीन ठरवून ठेवलेला तो शेवटच्या भेटीचा गुरुवार. सकाळी दहाला ऋतिका येणार होती. साडेनऊला सहाजणी बाळाबाईच्या मागाच्या खोलीत जमल्या. बाळाबाईच्या घरात चार पॉवरलूम, चारही चालू. तिथं साधं बोलायचं म्हटलं तरी ओरडावं लागतं. ओरडण्याचं इथं कुणाला वाईट वाटत नाही, खडखडाटात ते कानाशी कुजबुजल्यासारखंच पोचतं. अंबूबाई भिंतीला टेकून कांड्या भरत होती. सकाळपासनं तिला चाकाकडं बघितलं की गरगरत होतं, म्हणून ती दुसरीकडं बघून भरत होती.

"उद्याचा नैवेद्य कुणाचा?" बाळाबाई ओरडली.

"माझा," मालुबाई ओरडली. मालुबाई मूळची खानापूरकडची, शेतकऱ्याची लेक. तिला खोटं बोलताना अजून लाज वाटायची.

"मग तू सात सांग. मी तीन सांगते, आणि ह्या तिघी चार. अंबू, तू दोनावर ये."

"एकदम दोन?"

"शेवटची खेप हाय. चांगलं दिसायला पाहिजे न्हवं? आणि शामूच्या गोळ्या..."

इथं लाईट गेली.

चार माग एका दमात गप्प झाले. अशा वेळी वडगावात जी शांतता पडते ती बाहेरच्या माणसाला कळायची नाही. कानांना धक्काच बसतो. पण तोंड ओरडण्याच्या वेगात असतं, ते थांबायला क्षणभर वेळ लागतो. त्या क्षणात बाळाबाईचा आवाज भोंग्यासारखा गल्लीभर गेला.

"...खाल्ल्यास न्हवं आज? का लंगडत चालणार हाईस तिच्यासमोर!"

दारात ऋतिका उभी होती. खांद्याला रक्तदाब बघायच्या मशीनची पिशवी, हातात कागदांची फाईल. ती अर्धा तास आधी आली होती, शेवटची भेट म्हणून येताना पेढे घेऊन.

मालुबाईनं पदर तोंडाला लावला. बाळाबाईच सावरली. "ये की गं. लवकर आलीस. च्या ठेवते."

"काकू, तुम्ही बसा," ऋतिका म्हणाली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती पिशवी खाली ठेवून कांड्यांच्या टोपलीशेजारी फरशीवर बसली, अगदी अंबूबाईच्या समोर. "कधीपासनं?"

"काय कधीपासनं?" बाळाबाई म्हणाली.

"पाळ्या लावून दुखायला लागल्यापासनं."

बाळाबाई पदरानं मागाची चौकट पुसायला लागली. ऋतिकानं आणखी खोदलं नाही. ती अंबूबाईकडंच बघत होती. "आक्का, शामूची कुठली गोळी?"

"कुठली असती? गुडघ्याची."

"किती खातासा?"

"एखादी. कधीतरी."

दाराबाहेर कट्ट्यावर सिद्राम बसला होता. लाईट गेली की तो तिथंच बसायचा. त्याला आतलं काही ऐकू आलं नव्हतं, पण शामूच्या दुकानाकडं कुणीतरी बोट केलेलं त्याला दिसलं होतं. "दोन-दोन खाती," तो मदत करायच्या हेतूनं म्हणाला, आणि त्याचा साधा आवाज म्हणजे देवळाचा कर्णा. "सकाळी दोन, सांजच्याला दोन. मी म्हटलं तिला, अगं भाकरी तरी खा सोबत."

"ह्यांना गप बसवा कुणीतरी," अंबूबाई म्हणाली.

ऋतिकानं पुढं होऊन अंबूबाईच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढली. आत लालसर काही दिसायला पाहिजे तिथं कागदासारखं पांढरं होतं. तिनं अंबूबाईची नखं बघितली. मग तिचा आवाज एकदम खाली आला.

"आक्का, परसाकडं काळं हुतंय काय?"

लाईट अजून आली नव्हती. पाच बायका, दारात सिद्राम आणि मागं बंद पडलेले चार माग, सगळे ऐकत होते. अंबूबाईच्या मनात त्या घटकेला गुडघा नव्हता, पोट नव्हतं. तिला दिसत होता तो निपाणीचा मुलगा, ज्याला तिनं कधी पाहिलंच नव्हतं, सोफ्यावर बसून ऋतिकाचा मोबाईल तपासणारा. एक 'व्हय' म्हटलं की तो उठून दारात येणार होता.

"न्हाय," ती म्हणाली. आणि ऋतिकाची खात्री पटावी म्हणून ती उठली. "चालून दावते बघ. घड्याळ काढ."

लाल पट्टी तिच्या स्वतःच्या घरात होती, इथं नव्हती. तरी ती दोन मागांमधल्या बोळातनं ताठ चालायला लागली. चार पावलं नीट पडली. पाचव्याला फरशी एका बाजूनं वर आली. तिनं मागाची चौकट धरली आणि तशीच खाली बसत गेली. घामानं तिचं पोलकं क्षणात भिजलं.

बायका धावल्या. ऋतिकानं तिला आडवं केलं, पाय टोपलीवर उचलून ठेवले, नाडी धरली. नाडी धरल्याधरल्याच ती म्हणाली, "माझी नोकरी गेली तर जाऊ दे. दुसरी बघेन. तुम्ही गेलासा तर मी काय करू, सांगा की."

अंबूबाई डोळे मिटून पडली होती. हा हिशेब तिनं केलाच नव्हता. पोरीच्या नोकरीत आपण असे आडवे येऊ शकतो, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"व्हय," ती म्हणाली. "काळं हुतंय. पंधरा दिस झालं."

कुमार उद्यमबागेत फौंड्रीत कामाला. तो मोटरसायकलवरून येईपर्यंत ऋतिका थांबली नाही. तिनं गल्लीतलीच रिक्षा बोलावली, स्वरूपाला सोबत घेतलं आणि अर्ध्या तासात अंबूबाई हॉस्पिटलात होती. पेढ्यांचा पुडा बाळाबाईच्या मागावर तसाच राहिला. कुणी हात लावला नाही.

रक्ताच्या दोन पिशव्या चढल्या. तोंडातनं नळी घालून पोट बघितलं. आत एक जखम होती, रक्त गाळणारी. आणखी चार दिवस 'न्हाय' म्हटलं असतं तर पुढचं विचारायला कुणी लागलं नसतं, असं डॉक्टर स्वरूपाला बाहेर नेऊन म्हणाले. स्वरूपानं ते आत येऊन सासूला जसंच्या तसं सांगितलं आणि मग खाटेच्या पायथ्याशी तोंड फिरवून बसली. तिचे खांदे हलत होते. अंबूबाईनं ते बघितलं आणि उगीच म्हणाली, "घरात भाकऱ्या कोण करणार हाय आज?"

"मरू द्यात भाकऱ्या, आत्ती," स्वरूपा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संशोधनाचे मोठे डॉक्टर आले. मागं ऋतिका, डोळे सुजलेले, फाईल छातीशी धरलेली. डॉक्टरांच्या हातात एक फोडलेलं पाकीट होतं.

"आजी," डॉक्टर म्हणाले, "आमची गोळी आणि दुकानातली गोळी दोन्ही मिळून हे झालं का, हे बघायला पाकीट फोडावं लागलं. तुमच्या बाटलीतल्या गोळीत औषध नव्हतं."

अंबूबाईला समजायला वेळ लागला. "म्हंजे रिकामी?"

"रिकामी."

"सहा म्हैनं मी येळ लावून पीठ खाल्लं?"

"तसं म्हणायला हरकत नाही."

"आणि पोटात जखम झाली ती?"

"ती शामूची," ऋतिका म्हणाली.

अंबूबाई वर पंख्याकडं बघत राहिली. म्हणजे संशोधनानं तिचं काही वाईट केलं नव्हतं. चांगलंही केलं नव्हतं. जे काय झालं ते तिनं एकटीनं, पदरच्या गोळ्या खाऊन, मन लावून केलं होतं. एवढं काम तिनं कधी कुठल्या साडीवर केलं नव्हतं.

डॉक्टरांच्या हातात ऋतिकानं लिहिलेला कागद होता. असं काही घडलं की चोवीस तासांत वर कळवावं लागतं, त्याचा. त्यात एक ओळ होती: मनाई असलेले औषध घेण्याचे कारण. तिथं ऋतिकानं लिहिलं होतं, 'मला नोकरीत ठेवावे म्हणून.'

"हे असं नाही लिहायचं," डॉक्टर म्हणाले.

"मग कसं लिहू, सर?"

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. पेन उघडलं आणि बंद केलं. "राहू दे," ते म्हणाले. मग खाटेवर टेकले आणि अंबूबाईला म्हणाले, "आजी, गोळी चांगली निघावी असं आमचं काही नव्हतं. वाईट असेल तर वाईट आहे हे कळलं तरी काम झालंच. दुखतंय म्हणून सांगितलं असतं तरी हिचं काम चांगलंच धरलं असतं."

"म्हंजे आम्ही सहाजणींनी बोंब मारली असती तरी चाललं असतं?"

"चाललं असतं."

"मग हे आधी सांगायचं न्हाय व्हय?"

"संमतीच्या कागदात आहे. पान नऊ."

नवव्या पानाला आपण कुठं होतो हे अंबूबाईला चांगलं आठवत होतं.

त्याच संध्याकाळी बाकीच्या पाचजणी भेटीच्या वेळेत आल्या. बाळाबाई पुढं. खाटेभोवती उभ्या राहून त्यांनी डॉक्टरांच्या देखत सगळं सांगून टाकलं: यादी, पाळ्या, कोण कधी सात आणि कोण कधी तीन. मालुबाईनं सांगितलं की तिनंही शामूकडनं चार गोळ्या आणल्या होत्या, पण भीती वाटली म्हणून डब्यात तशाच आहेत. सांगताना ती रडली. मग खोटं बोलायचं संपलं म्हणून तिला एवढं हलकं वाटलं की अंबूबाईसाठी आणलेल्या सफरचंदातलं निम्मं तिनंच खाल्लं.

आता नियमाप्रमाणं या सहाजणींचा एकही आकडा हिशेबात धरता येत नव्हता. बेंगळूरचे साहेब परत आले. ज्या कागदांना ते नैसर्गिक म्हणाले होते ते त्यांनी पुन्हा उलटून बघितले. मग वरनं आदेश आला. प्रत्येक घरी पुन्हा जायचं, प्रत्येक भेटीचा प्रत्येक आकडा विचारून घ्यायचा, खोटा खोडायचा, बाजूला खरा लिहायचा आणि सही घ्यायची. सहा महिन्यांचं खोटं निस्तरायला तीन महिने लागतील असा अंदाज निघाला. ऋतिकाचं कंत्राट तीन महिन्यांनी वाढवलं गेलं. पुढचं पुढं.

"बघ," बाळाबाई म्हणाली, "आम्ही आणखी जरा खोटं बोललो असतो तर वर्ष तरी मिळालं असतं तुला."

"काकू, हात जोडते," ऋतिका म्हणाली.

निपाणीच्या स्थळानं याच काळात दुसरीकडं जमवलं. त्याचं ऋतिकाला काही वाटलं नाही. वडिलांना वाटलं, पण ते आणखी तीन महिने गप बसायला कबूल झाले.

एप्रिलच्या एका दुपारी ऋतिका अंबूबाईकडं आली. अंबूबाई संशोधनातनं बाद झाली होती, पण जखम भरेपर्यंत तिच्याकडं येत राहायचं असाही एक नियम होता. सोप्यात सिद्रामचा माग खडखडत होता, म्हणून दोघी परसदारी बसल्या. अंबूबाईच्या चेहऱ्यावर थोडं रक्त परतलं होतं. गुडघा दुखतच होता. डॉक्टरांनी पोटाला न बाधणारा लेप दिला होता, मांडीचा व्यायाम शिकवला होता आणि मागाशी उभं राहणं कमी करायला सांगितलं होतं.

ऋतिकानं खोडाखोडीचा कागद काढला. "ऑक्टोबरपासनं सुरू करूया, आक्का. पयल्या तीन भेटी खऱ्या. चौथ्या भेटीला पाच सांगितलासा. खरं किती हुतं?"

अंबूबाईनं आठवून बघितलं. खोटा आकडा सांगणं सोपं होतं, तो आधी ठरवलेला असायचा. खरा सांगायचा तर कुठला? सकाळचा का संध्याकाळचा? बसताना का उठताना? त्या दिवशी कुमारची फौंड्रीत पाळी बदलली होती आणि ती दारात बसून वाट बघत होती, तेव्हा काहीच दुखलं नव्हतं. नंतर जेवायला उठताना जीव गेला होता. डोळ्यांत पाणी आलं, ते का आलं तिला कळेना.

"घाई न्हाय," ऋतिका म्हणाली.

"मला मागाशी उभं ऱ्हावत न्हाय आता," अंबूबाई म्हणाली. हे तिनं सिद्रामला सांगितलं नव्हतं, कुमारला सांगितलं नव्हतं. "चौदाव्या वर्षापासनं उभी हाय मी. ह्यांना एकट्याला हुत न्हाय, म्हणून सांगितलं न्हाय मी. पयला कधी दुखला सांगू काय? कुमार पोटात हुता, नऊवार विणायला घेतलती, हिरवी, लाल काठाची..."

कागदावर चौकट होती करंगळीच्या नखाएवढी, एका आकड्यापुरती. ऋतिकानं तिच्याकडं एकदा बघितलं. मग पेनाला टोपण लावलं आणि कागद मांडीवर पालथा ठेवला.

"कसला हिरवा?" तिनं विचारलं. "पोपटी का गडद?"